बोला, लाइन लागली

निवृत्त होणाऱ्या माणसाला आपल्याकडे शाल देतात, श्रीफळ देतात आणि ‘आता स्वतःसाठी जगा’ असा सल्ला देतात. शालीची घडी कपाटात जाते, नारळाच्या वड्या होतात. सल्ल्याचं काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही. देणारा तोवर बटाटेवड्याकडे वळलेला असतो.

३१ जानेवारी २०२० रोजी हा सल्ला देशभर घाऊक वाटला गेला. भारत संचार निगममधून त्या एका दिवशी ७८ हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेली. त्यांतली एक मी. घाऊक निवृत्तीत एकेकट्याच्या वाट्याला भाषण येत नाही. आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात निरोप घेणारे इतके आणि देणारे इतके थोडे, की शेवटी जाणाऱ्यांनीच एकमेकांच्या गळ्यात हार घातले. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मला घातला, मी त्यांना. संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला तो बघून आमच्या ह्यांनी विचारलं, “हे कुणाचं लग्न?”

कंदी पेढे वाटून झाले, आणि मी छप्पन्नाव्या वर्षी रिकामी झाले.

आता मी मुळात कोण होते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. १९८४ साली मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा आमचं खातं डाक-तार खातं होतं. पुढच्याच वर्षी डाक वेगळी झाली आणि आम्ही दूरसंचारवाले झालो. ट्रंक बोर्ड ही काय चीज होती हे हल्लीच्या पोरांना सांगायला गेलं की ती जात्याची किंवा पाटा-वरवंट्याची माहिती ऐकताना करतात तसा चेहरा करतात. समोर उभी लाकडी चौकट. तिच्यात भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकाशी नंबर आणि मिणमिणता दिवा. खाली आडव्या फळीवर दोऱ्यांच्या जोड्या: मागची बोलावणाऱ्याची, पुढची ज्याला बोलवायचं त्याची. दोऱ्यांना आतून वजनं लावलेली असायची, त्यामुळे हात सोडला की दोरी सुर्रकन बिळात जायची. डोक्यावर दिवसभर हेडसेट. त्यानं आमच्या सगळ्याजणींच्या केसांत आडवी खाच पडलेली असे. लग्नकार्यात कितीही गजरे माळा, ऑपरेटर बाई खाचेवरून ओळखू यायची.

कॉल तीन तऱ्हांचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. साधा बुक केला तर दुपारचं जेवण, झोप आणि संध्याकाळचा चहा करून वाट बघायची. लाइटनिंगला पैसे इतके पडत, की तो सहसा मयताचाच असे. शिवाय पीपी, म्हणजे अमुक माणूसच फोनवर हवा. गावात फोन एकच, किराणा दुकानात नाहीतर पोस्टात. दुकानातला पोऱ्या हाक मारायला धावत जायचा, तो माणूस शेतातून पायताण झटकत येईपर्यंत मी दोन्ही टोकं धरून बसलेली. मुंबईकडच्याला सांगायचं, “आलेत हं, ओढ्यापर्यंत आलेत.” मला ओढा दिसत नव्हता, पण असं सांगितलं की माणूस धीर धरतो.

आमच्या जिल्ह्यातल्या घरांची तेव्हा एकच रीत होती: एक माणूस शेतावर, एक मुंबईला, एक फौजेत. जावळी-पाटणची माणसं मशीद बंदरात माथाडी, कोणी गोदीत, कोणी गिरणीत. अपशिंगे मिलिटरीत तर घरटी एक जण सैन्यात. त्यामुळे पैसे पोचले का, पाऊस झाला का, म्हातारीचं कसं आहे, हे सगळं माझ्या समोरच्या त्या लाकडी चौकटीतून इकडून तिकडे जायचं.

ऐकायचं नाही हा नियम. पण लाइन चालू आहे की तुटली हे बघायला मधूनमधून कान लावावाच लागे. ही पळवाट खात्यानंच ठेवलेली होती, आणि आम्ही तिचा यथायोग्य वापर केला. मुलगा झाल्याची बातमी बापाच्या आधी मला कळायची. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, हेही. बाहेर एक अवाक्षर काढलं नाही, पण रस्त्यानं जाताना एखाद्याकडे बघून मी मनातल्या मनात हसायची आणि त्याला वाटायचं बाई ओळखीची आहे.

तीन मिनिटं झाली की सांगायचं, “तीन मिनिटं झाली, वाढवू का?” त्या खुर्चीवर मला माणसाबद्दलचं एक ज्ञान झालं. पहिली अडीच मिनिटं तो ‘बाकी काय, सगळं बरं’ यात घालवतो. मुद्द्यावर येतो शेवटच्या अर्ध्या मिनिटात, तोही धापा टाकत. पुढे संसारात याचा फार उपयोग झाला. पाहुणे बसलेले असतात तोवर मी निवांत असते. उठून चपला घालायला लागले की सावध होते. ते कशाला आले होते ते आता कळणार असतं.

आणि सगळी खटपट होऊन दोन्हीकडची माणसं तारेवर आली की म्हणायचं, “बोला, लाइन लागली.” एवढं म्हटलं की आपण नाहीसं व्हायचं. कुठे जायचं? कुठेच नाही, तिथेच बसायचं, पण नसल्यासारखं. त्यानंतर जो पहिला ‘हॅलो’ यायचा, ओरडून, कारण मुंबई लांब आहे म्हणून लोक ओरडत, तो ऐकण्यासाठी मी बिनपगारी रात्रपाळी केली असती. युनियनला हे तेव्हा कळू दिलं नाही.

आमचं काम ज्याच्यामुळे गेलं त्या माणसाबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगतात. आपोआप जोडणी करणारं एक्स्चेंज काढलं अल्मन स्ट्रोजर नावाच्या अमेरिकनानं, १८९१ सालचं त्याचं पेटंट आहे. तो इंजिनिअर नव्हता. कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा त्याचा धंदा होता. गावातली ऑपरेटर म्हणे त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको, आणि मयताचे फोन ती परस्पर आपल्या नवऱ्याकडे वळवायची. चिडून त्यानं ऑपरेटरच नको असं यंत्र बनवलं. खरंखोटं तोच जाणे. पण एका बाईच्या आगाऊपणाची शिक्षा जगभरच्या ऑपरेटरांना, तीही अंत्यविधीवाल्याच्या हातून, यात काहीतरी ठरवून केल्यासारखं वाटतं खरं.

भारतात पहिली एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट लागणारी लाइन, १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली. आमच्याकडे ती हळूहळू, पण आली. मग नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, गावोगावी छोटी एक्स्चेंजं बसली. बोर्डावरचे दिवे लागेनासे झाले. रात्रपाळीत आम्ही दोघी-तिघी स्वेटर विणायचो आणि मधेच एखादा दिवा लागला की सगळ्या एकदम झडप घालायचो. एक दिवस बोर्ड उचलायला माणसं आली. भंगारवाल्यानं आधी तांब्याची चौकशी केली, मग लाकडाची. आमची नाही केली.

मी तेव्हा पस्तिशीत होते. जे एकच काम मला झोपेतही येत होतं ते जगाला नको झालं होतं. रडले. ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले, कारण घरी रडायचं तर कारण सांगावं लागलं असतं आणि ‘दोऱ्या नेल्या’ हे कारण सासूबाईंना पटलं नसतं. नोकरी शाबूत होती, पगार वाढत होता, वर पंखा होता. लोकांच्या मते माझं बरंच चाललं होतं.

साताऱ्यात राहून अशा विषयावर बोलताना अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट निघतेच. धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी कोकणातल्या मुरूडहून सह्याद्री ओलांडून इथे चालत आले, शंभरावर मैल. आणि परीक्षेच्या कमिटीनं त्यांना बसूच दिलं नाही, का तर सतरा वर्षांचे दिसत नाहीत. तेच कर्वे पुढे १०४ वर्षं जगले, महिला विद्यापीठ काढलं, शंभराव्या वर्षी १९५८ साली भारतरत्न झाले. व्याख्यानात ही गोष्ट ‘अपयशानं खचू नका’ या कलमाखाली येते आणि टाळ्या पडतात. मला मात्र नेहमी परतीची वाट दिसते. आला तेवढाच रस्ता आता उलटा चालायचा, तेही परीक्षा न देता. त्या पोराला वाटेत जीवनाचं ध्येय वगैरे सापडलं असेल असं मला वाटत नाही. पाय दुखले असतील. घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव केली असेल. शंभर वर्षांनी आपण त्याचा धडा करणार आहोत हे त्याला कुणी सांगितलं असतं तरी त्यानं आधी पाणी मागितलं असतं.

बोर्ड गेल्यावर मी १९७ वर नंबर सांगितले, तक्रार खिडकीवर शिव्या खाल्ल्या, बिलं घेतली, पुढे सिमकार्डं विकली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. तक्रार खिडकीवर एक कळलं, की ‘फोन बंद आहे’ म्हणून तावातावानं आलेल्या माणसाला ‘कुणाला करायचा होता?’ एवढं विचारलं की आवाज निम्मा खाली येतो. पण रजिस्टरात तसा रकाना नव्हता.

तर अशा बाईला २०२० साली सगळे म्हणाले, आता स्वतःसाठी जगा.

मी आज्ञाधारक आहे. जगून बघितलं. पहाटे हास्यक्लबात गेले. तिथे खोटं हसावं लागतं, ते मला जमेना. खरं हसू यायचं ते शेजारच्या काकांच्या हसण्याचं, आणि ते त्या व्यायामात बसत नाही म्हणे. मंडल-चित्रांच्या वर्गाला गेले. गोलात गोल, त्यात पाकळ्या, मन शांत होतं असं शिकवणारी मुलगी सांगायची. माझं मन पाकळीगणिक तापत गेलं. गच्चीवर मिरच्या लावल्या, त्या छान आल्या, पण मिरची बोलत नाही.

आणि ‘इकिगाई’. निरोप समारंभात लोक पूर्वी भगवद्गीता द्यायचे, आता हे पुस्तक देतात. माझ्याकडे एवढ्या प्रती जमल्या, की पुढच्या तीन निरोप समारंभांची सोय झाली. त्या नावानं एक चार वर्तुळांची आकृती सगळीकडे फिरते: तुम्हाला काय आवडतं, काय उत्तम येतं, जगाला काय हवंय आणि कशाचे पैसे मिळतात. चारही जिथे एकमेकांवर येतात तिथे तुमच्या जगण्याचं कारण. मी स्वयंपाकघरातली वाटी उपडी ठेवून चार वर्तुळं काढली. आवडतं काय? ट्रंक बोर्ड. येतं काय? ट्रंक बोर्ड. जगाला काय हवंय? ट्रंक बोर्ड सोडून काहीही. पैसे कशाचे मिळतात? काही न करण्याचे, दर महिन्याला, खात्यात. मधल्या जागेत जेमतेम तांदळाचा दाणा मावत होता. मी तिथे खरंच एक दाणा ठेवून बघितला.

आमचे हे जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले. पेपर, चहा, पेपर, वामकुक्षी, मारुतीचं देऊळ असा त्यांचा दिवस तुडुंब भरलेला. त्यांना निरोपाच्या वेळी हा सल्ला कुणीही दिला नव्हता. ते आधीपासूनच स्वतःसाठी जगत होते.

सल्ला वाईट आहे असं म्हणायचं नाही मला. माझ्या थोरल्या जाऊबाईंना तो अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. चाळीस वर्षं त्या घरात इतरांच्या पोळ्या मोजत होत्या, साठीनंतर पोहायला शिकल्या, सहलीला एकट्या गेल्या, आता गॅसवर दूध ठेवलं तरी हाक मारून सांगतात, “मी बघणार नाही, कुणीतरी बघा.” त्यांचा चेहरा उजळलाय. ज्यांना आयुष्यभर मधे उभं राहावं लागलं त्यांनी एकदा बाजूला होऊन बसावं, हे न्याय्यच आहे. माझी गंमत अशी, की मला मधे असणंच आवडायचं, आणि हे सांगायची सोय नव्हती. ‘स्वतःची ओळख’ शोधायच्या दिवसांत एखादी बाई म्हणाली की मला दोन माणसांच्या मधोमध, दोघांनाही न दिसता बसायला आवडतं, तर लोक तिला डॉक्टरांचा नंबर देतात.

मार्चच्या २५ तारखेला कोरोनाची टाळेबंदी आली आणि देशच घरी बसला. फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, आठवतंय ना? ज्या लाइनीवरची खरखर काढण्यात आमची हयात गेली, त्या लाइनीवर सरकारनं मुद्दाम खोकला बसवला. मी ह्यांना म्हटलं, बरं झालं मी आता नोकरीत नाही. तक्रार खिडकीवर लोकांनी मला विचारलं असतं, बाई, तुम्हाला बरं नाही का?

त्याच दिवसांत गल्लीतल्या एका मुलाचा पुण्याहून फोन आला. “काकू, आई फोन उचलत नाही, जरा बघता का?” मी गच्चीवरून हाक मारली. आईंचा मोबाइल सायलेंटवर पडला होता आणि आई बघत होत्या रामायण. मी म्हटलं, “फोन हातात घ्या, मुलगा आहे.” त्याला कळवलं, “आता लाव, घेतायत.” नंतर त्यांच्या बहिणीच्या मुलानं केला. मग त्याच्या मित्रानं. कुणाचं औषध संपलेलं, कुणाला दुकान किती वाजेपर्यंत उघडं ते हवं, कुणाला फक्त आईचा आवाज नीट वाटतो का ते हवं. दोन-चार आठवड्यांत ओट्यावर माझी जुनी वही आली, डाव्या रकान्यात कोण मागतंय, उजव्यात कोण हवंय, शेवटी वेळ. रकाने आखताना ह्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “लागली पाळी?”

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात बोर्डावर माझ्या डाव्या हाताला बसणारी मैत्रीण गेली. रोज रात्री साडेनऊला आमचा फोन ठरलेला असे. पुढे कितीतरी दिवस साडेनऊला माझा हात फोनकडे जायचा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तिच्या मुलीनं एकदा विचारलं, “मावशी, आई रोज तुमच्याशी एवढं काय बोलायची?” मी खरं ते सांगितलं: काहीच नाही. अडीच मिनिटं सगळं बरं, सगळं बरं. आता साडेनऊला ती मुलगी करते. तिलाही तीन मिनिटं झाली की मुद्दा आठवतो.

आणि मग नोव्हेंबर. ज्यांच्या घरी निवृत्तिवेतन येतं त्यांना नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. दिवाळीचे कंदील उतरायच्या आत माणसाला आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन साहेबांसमोर सही करायची. साहेब न बघताच शिक्का मारायचे, पण आपण आहोत ही नोंद व्हायची. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन देता येऊ लागला. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, विळा धरलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्राला अंगठा दिसायचा, बाई दिसायची नाही. मग २०२१ मध्ये मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला मिळायची सोय झाली आणि आमच्या गल्लीत माझा ओटा हे केंद्र झालं. कुणी नेमलं नाही. एका काकूंचा करून दिला, त्यांनी देवळात सांगितलं.

वरवर बघता काम दोन मिनिटांचं. आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक, बँकेचं खातं, ओटीपी, चेहरा. पण म्हाताऱ्या माणसाचा ओटीपी त्याच्या फोनवर येत नाही. तो पुण्यातल्या मुलाच्या, नाशिकच्या मुलीच्या, एकदा तर घटस्फोट होऊन गेलेल्या सुनेच्या फोनवर गेला. म्हणजे आधी तो माणूस गाठायचा. तो मीटिंगमध्ये. निरोप ठेवायचा. इकडे आजोबांना सांगायचं, येतोय हं, आलाच. तिकडून तो कुजबुजत आकडे सांगणार, मी वहीत लिहून मोठ्यांदा उलट म्हणून दाखवणार, मधे घड्याळ पळतंय. ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणून बँका दिवसाआड मेसेज धाडतात आणि मी ओट्यावर बसून दिवसभर ‘ओटीपी सांगा, ओटीपी सांगा’ करत असते. एखाद्या दिवशी पोलीस आले तर आश्चर्य नाही. म्हणून माझी एक अट असते: घरचं माणूस सोबत हवं, नाहीतर निदान फोनवर.

सगळ्यात अवघड गेले आमच्या कोपऱ्यावरचे सुभेदारकाका. ॲप म्हणतं, डोळे मिचकवा. फोटो समोर धरून कुणी फसवू नये म्हणून ती खूण असते. काका ताठ बसले, मिशा सारख्या केल्या आणि जे टक लावून बघायला लागले ते बघतच राहिले. ॲप पुन्हा म्हणालं, डोळे मिचकवा. काका ढिम्म. मी म्हटलं, “काका, पापणी हलवा.” ते ओठ न हलवता म्हणाले, “समोर कोण आहे ते कळल्याशिवाय नाही.” मुलगा हरला, सून हरली. शेवटी आतून काकी आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “गेल्या वर्षीचे साडीचे पैसे कुठायत?” आणि काकांनी फटाफट तीन वेळा डोळे मिचकवले. दाखला मंजूर.

हे सगळं बघून ज्येष्ठ नागरिक मंडळाचे लोक घरी आले. ‘निःस्वार्थ समाजसेवा’ म्हणून सत्कार ठरवला होता. मी त्यांना चहा दिला आणि नको म्हटलं. एकतर शाल पुन्हा कपाटातच जाणार. दुसरं म्हणजे निःस्वार्थ हा शब्द मला कसा पचावा? गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला आता पुन्हा सर्वांआधी कळतं. ज्याचा मुलगा ओटीपीसाठी पहिल्या रिंगला फोन उचलतो आणि ज्याचा मुलगा उचलत नाही, ती दोन्ही घरं मला ठाऊक आहेत, आणि ते बाहेर न सांगण्यातही एक चैन आहे. मला सकाळी लवकर जाग येते ती लोकांचं भलं करायला नाही. आज कोण कोणाला मागणार आहे या उत्सुकतेपायी येते. मंडळाचे अध्यक्ष हसले, म्हणाले, तुमचा विनय. मग उठले, चपला घालता घालता म्हणाले, “ते आमच्या सौभाग्यवतींच्या दाखल्याचं जरा अडलंय बघा.”

गेल्या नोव्हेंबरात जावळीकडच्या एका गावाहून एक गृहस्थ आले. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त, भविष्यनिर्वाहची थोडीथोडकी पेन्शन. कुणीतरी पत्ता दिला होता. मी फोन लावला, त्यांच्या नातवाला म्हटलं, “थांब हं, लाइनवर राहा.” तसे ते एकदम माझ्याकडे निरखून बघायला लागले.

“तुम्ही बोर्डावर होता का वं पूर्वी? टेलिफोनच्या?”

मला काय आनंद झाला! इतक्या वर्षांनी आवाजावरून ओळखणारा माणूस भेटला. मी पदर सारखा करून म्हटलं, “हो तर.”

“तवा तुमीच त्या. तीन मिनटं झाली म्हनून कापायच्या.”

“मी विचारायची आधी, वाढवू का म्हणून.”

“इच्चारायच्या, पन माज्याकडं पैकं नव्हतं ना वाढवायला! पोस्टातनं भावाला मुंबईला लावला हुता, गोदीत. बैल इकायचा हुता. द्यायचा का ठिवायचा इच्चारलं. सगळं ऱ्हायलं आनि ते शेवटाला इच्चारलं. तो म्हनला ‘देऊ नको’. मला आयकू आलं निस्तं ‘देऊ’. फुडचं तुमी कापलं.”

“मग?”

“मग काय? दिला. खिलारी बैल, बाई. अजून तो माज्याशी नीट बोलत न्हाई त्यावरनं.”

मी काय बोलणार? चहा पुढे केला. त्यांचा दाखला झाला, तो त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग उठले, चपलेत पाय घातला आणि थांबले. मी सावध झालेच होते.

“भावाचा पन करून टाकाल का? त्यालाबी पेन्शन हाय. आलाय संगं. बाहेर मोटरसायकलवर बसलाय, आत येत न्हाई म्हनतो.”

“का?”

“म्या बोलिवलं म्हनून.”

मी फोन आणि वही घेऊन बाहेर गेले. म्हातारा उन्हात टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता, भावाकडे पाठ करून. त्याचा नंबर लिहून घेतला, आधार मागितलं, ओटीपी मुंबईतल्या मुलीकडे गेला, ती बसमध्ये होती, आकडे तीनदा विचारावे लागले. मग म्हटलं, “बाबा, टोपी काढा आणि सावलीकडे तोंड करा, नाहीतर ॲप ओळखत नाही.” सावली भावाच्या बाजूला होती. तो नाइलाजानं वळला.

“आता डोळे मिचकवा.”

“कुनाकडं बगून?” तो गुरगुरला.